एक्स-रे क्लिअर, तरी दम लागतो? चालून मोजा

ताई, तुम्ही लिहिलंय की वडिलांना फ्लू होऊन दीड महिना झाला, एक्स-रे क्लिअर, ऑक्सिजन ९८, तरी जिना चढताना दम लागतो, आणि वर एकांनी म्हटलंय की मनाचे खेळ आहेत. नाही हो, प्लीज असं म्हणू नका. बसल्या जागी घेतलेलं माप चालतानाचं सगळं सांगत नाही.

माझे मामा इथं सोलापुरात पॉवरलूमवर होते, २०२१ ला कोविडनंतर त्यांचं अगदी असंच. मग फिजिओथेरपिस्टनी सहा मिनिटांची वॉक टेस्ट घेतली, म्हणजे ३० मीटरचा सपाट पॅसेज, त्यात आपल्या चालीनं जमेल तितक्या फेऱ्या मारायच्या, पळायचं नाही, दम लागला तर थांबायचं पण घड्याळ चालूच, आणि आधी-नंतर ऑक्सिजन, पल्स, दम किती लागला ते लिहून घेतात. मामांचा ऑक्सिजन ९७ वरून ९१ वर आला तेव्हा कुठं घरच्यांना पटलं. ४ टक्के किंवा जास्त उतरला तर छातीच्या डॉक्टरांना दाखवाच.

एवढी जागा नसेल तर १ मिनिट खुर्चीवरून उठबस, हात न टेकता, हीपण टेस्ट आहे. छातीत दुखत असेल तर मात्र घरी अजिबात करू नका.

आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वडील कसे आहेत ते नक्की बघा, काहींना टेस्टच्या वेळी काही होत नाही पण नंतर दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही, हेही डॉक्टरांना सांगायचं. कंबर तलावाला चालायला नेणार असाल तर पहाटेच न्या, आपल्याकडचं ऊन माहितेय ना.