मुलीच्या वडिलांना राजी करण्यासाठी तुम्ही काय काय केलेत?

मुलीचा होकार आहे, आईचीही मूक संमती आहे, पण वडील अडून बसले आहेत, अशा वेळी लढवलेल्या युक्त्या इथे सविस्तर लिहाव्यात. युक्ती फसली असली तरी जरूर लिहावे.

*

सासऱ्यांचा विरोध जातीवरून होता आणि ते माझ्याशी एक शब्दही बोलत नसत. मात्र आळंदीहून पंढरपूरची पायी वारी ते चुकवत नाहीत, हे हिच्याकडून कळल्यावर मी रजा टाकून त्यांच्याच दिंडीत नाव नोंदवले. वारीत लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडून ‘माऊली’ म्हणतात, आणि माझी सगळी भिस्त त्या रीतीवर होती. दिवेघाट चढून आल्यावर मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी मला ओळखले, क्षणभर ते थिजले, आणि मग रीत मोडायची नाही म्हणून त्यांनीही वाकून माझ्या पायांना हात लावला. पुढे रोज पहाटे मी नेमका त्यांच्यासमोर जाऊन उभा राहू लागलो. वाखरीच्या मुक्कामी माझ्या टाचेवरच्या फोडातून त्यांनीच सुईने दोरा ओवून पाणी काढले आणि म्हणाले, “माऊली, पुढच्या वर्षी नव्या चपला घालून येऊ नका.”

*

मी त्यांच्याशी बुद्धिबळात मुद्दाम हरत असे. तिसऱ्या रविवारी त्यांनी ते ओळखले आणि वजीर फुकट देणारा माणूस संसार काय सांभाळणार, म्हणून मला घराबाहेर काढले. अखेर आम्ही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस दिली. त्या ३० दिवसांत त्यांनी पुन्हा पट मांडला. मी जीव तोडून खेळलो आणि खरोखर हरलो.

*

रत्नागिरीजवळ बाबांची कलमांची रोपवाटिका आहे. ह्यांच्याकडे हातभर जमीन नसताना हे दर रविवारी गिऱ्हाईक होऊन येत आणि हापूसची कलमे नेऊन मित्राच्या गच्चीवर ठेवत. बाबांनी एकदा शांतपणे विचारले, “कुठे लावलीत?” हे गप्प राहिले. मग भर पावसाळ्यात बाबांनी कोयीतून उगवलेली, तांबूस पानांची वीस कोवळी रोपे पुढे ठेवली, काडीला पाचर कशी द्यायची आणि प्लास्टिकची पट्टी किती घट्ट बांधायची ते एकदाच दाखवले, आणि दहा जगली तर बोलू, असे सांगितले. महिनाभर त्या रोपांना रोज सकाळी झारीने मीच पाणी घालत होते आणि बाबा ओटीवरून ते पाहत होते. अकरा फुटली.