अंडीखाऊ सापाचं शास्त्रीय नाव नेमकं कोणतं धरायचं?

कपाशीचं_वावर:
वर्धा जिल्ह्यात आमच्या शेतातल्या मोटरघरात काल रात्री साप निघाला. अंग गडद तपकिरी, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर पिवळसर पांढरी रेघ. सर्पमित्र म्हणाले, भारतीय अंडीखाऊ. जुन्या पुस्तकात त्याला एलाकिस्टोडॉन वेस्टरमानी म्हटलंय, मोबाईलवरच्या यादीत बोइगा वेस्टरमानी. साप एकच का? बोइगा म्हणजे मांजऱ्या साप ना? हा तसा मुळीच दिसत नाही.

खवलेमोजणी:
साप एकच, आणि आता बोइगाच लिहा. तुमच्या शेतात हा निघाला याचा फार आनंद झाला.

प्राणिशास्त्रज्ञ राइनहार्टने १८६३ मध्ये रंगपूरच्या (आता बांगलादेशात) नमुन्यावरून याचं वर्णन केलं आणि याच्या एकट्यासाठी वेगळा जीनस (शास्त्रीय नावातला पहिला शब्द, म्हणजे जवळच्या जातींचा गट) काढला, एलाकिस्टोडॉन. त्याला कारणही तसंच होतं. याचे दात अगदी बारीक आणि मोजकेच. अंडं फुटतं ते घशात! मानेकडच्या मणक्यांना खालून टोकं असतात, ती थेट अन्ननलिकेत उतरलेली. अंडं तिथवर सरकलं की स्नायू आवळले जातात, टोकं कवचात रुततात. आफ्रिकेतल्या अंडीखाऊंचीही हीच तऱ्हा, म्हणून काही तज्ज्ञांनी याला त्यांच्या पंगतीत बसवलं होतं.

२०१८ मध्ये जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा हा मांजऱ्या सापांच्या शाखेच्या आतच निघाला. म्हणजे आफ्रिकेतल्यांशी साम्य आहे ते खाण्यामुळे, नात्यामुळे नाही. एका शाखेतले सगळे साप एकाच जीनसमध्ये हवेत, आता याला वेगळा ठेवला तर बोइगा अर्धवट राहतो. दोन जीनस एक केले की आधी दिलेलं नाव टिकतं, आणि बोइगा १८२६ चं आहे. मला हा निर्णय पूर्ण पटतो. मांजऱ्यासारखी उभी बाहुली तर यालाही आहेच, फोटो मोठा करून बघा.

रानवाट:
नावाइतकंच महत्त्वाचं, लोक याला मण्यार समजून मारतात. पाठीवर मधोमध मोठे षटकोनी खवले दोघांनाही असतात, तेव्हा तेवढ्यावर जाऊ नका. मण्यारीचे पांढरे पट्टे आडवे, याची रेघ पाठीच्या लांबीने. शेपटीखालचे खवले मण्यारीत अखंड, यात जोडीजोडीने. पण ते बघायला सापाला हात लावायचा नाही, सर्पमित्राला बोलवा.

कपाशीचं_वावर:
फोटोत बाहुली उभीच दिसतेय! मग नोंद पाठवताना जुनं नाव गाळून टाकू?

खवलेमोजणी:
गाळू नका, शेऱ्यात राहू द्या. वर्धा जिल्ह्यातल्या नमुन्याची नोंद २००५ मध्ये छापली गेली ती जुन्याच नावाने, पुढे शोधणाऱ्याला ती सापडायला हवी. मुख्य रकान्यात बोइगा वेस्टरमानी (राइनहार्ट, १८६३). कंस विसरू नका, जीनस बदलला की मूळ वर्णनकर्त्याचं नाव कंसात जातं. आणि फोटो पाठीचा, डोक्याचा, दोन्ही जोडा.