जुन्या काचेच्या मण्यांची आयसोटोप टेस्ट कुठे करावी? (ठाणे/नवी मुंबई, बजेट ५ हजार)

चौलची_नात: नमस्कार मंडळी. माझं आजोळ चौल, अलिबागजवळचं जुनं बंदर. चाळीसेक वर्षांपूर्वी आजोबांनी वाडीत विहीर खणली तेव्हा बारीक काचेचे मणी निघाले, आजीने ते करंड्यात जपून ठेवले आणि आता करंडा माझ्याकडे नौपाड्यात आलाय. लाल, काळे, पिवळे, निळसर, एकूण ६३, त्यातले ३ फुटके. आजी म्हणायची गलबतातून आलेत. आयसोटोपवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, काच मूळची कुठली ते कळतं असं वाचलं. ५ हजाराच्या वर जमणार नाही, आणि लांब नको, मुलगी लहान आहे.

घणसोलीचा_विन्या: ताई एवढं कशाला, सोनाराकडे एक्सआरएफ मशीन असतं ना, क्ष-किरणांनी धातू ओळखणारं, २ मिनिटांत सगळं सांगतं. मी आईची नथ तपासली, एकदम अचूक आकडा आला.

वाशीकर७४: विन्या, ते मशीन सोन्यासाठी सेट केलेलं असतं, काचेतला सोडा त्याला दिसत नाही. आणि रत्नांच्या लॅबमध्येही जाऊ नका, मी पाचूची अंगठी घेऊन गेलो, १८०० रुपये आणि दोन खेपा, रिपोर्टवर एकच शब्द, काच. कुठली, कधीची, काही नाही. अजून राग जात नाही.

भिंगवाला_कळवा: मी १०एक्स भिंग घेतलंय ६०० रुपयांत, तेच घ्या. मण्यातले बुडबुडे भोकाच्या दिशेने लांबट दिसले तर काचेची नळी ओढून तिचे तुकडे केलेत, म्हणजे बहुधा इंडो-पॅसिफिक जातीचे, भारतात आणि आग्नेय आशियात बनणारे बारीक मणी. आंध्रात पापानायडुपेटला हे ओढकाम आपल्या काळापर्यंत चालू होतं. माझ्याकडे असे ११ मणी आहेत, सगळे भिंगाने ओळखलेले.

ऐरोली_दगडगोटे: भूशास्त्र शिकलोय म्हणून जरा लांबण लावतो. रुबिडियम-८७ चा हळूहळू स्ट्रॉन्शियम-८७ होतो, त्यामुळे जुन्या ग्रॅनाइटमध्ये स्ट्रॉन्शियम-८७ चं स्ट्रॉन्शियम-८६ शी प्रमाण चढं असतं आणि तरुण खडकात कमी. भट्टीत काच वितळली तरी हे प्रमाण बदलत नाही, म्हणून कच्च्या मालाची खूण काचेत राहते. भूमध्य किनाऱ्यावरच्या रोमन काळातल्या काचेत चुना शिंपल्यांतून आला, म्हणून तिचं प्रमाण समुद्राच्या पाण्यातल्या ०.७०९२ जवळ असतं. एकटं स्ट्रॉन्शियम पुरत नाही, वाळूसाठी निओडिमियम या दुसऱ्या मूलद्रव्याचे आयसोटोप बघतात, पिवळ्या मण्यात शिसं असेल तर शिशाचे आयसोटोप. पण त्यासाठी काच आम्लात विरघळवावी लागते! तो तुकडा परत मिळत नाही. आणि यंत्रं अहमदाबादच्या पीआरएल (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) सारख्या संशोधन संस्थांत असतात, नौपाड्यात कोणी पावती फाडून करून देणार नाही.

शिलाहार_फॅन_ठाणे: एवढा खर्च कशाला, चौल म्हणजे पेरिप्लसमधलं, पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेतलं, सेमुल्ला. भडोचला कच्ची काच बाहेरून यायची असं त्यातच लिहिलंय. रोमन माल आहे, लिहून घ्या.

ऐरोली_दगडगोटे: भडोचला आली म्हणून चौलची रोमन होते का? आपल्याकडच्या काचेत अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड) भरपूर आणि चुना कमी, ही ग्रॅनाइट झिजून झालेल्या वाळूची निशाणी, आणि सोडा चोपण जमिनीवर जो पांढरा खार फुटतो त्यातला. चौलच्या काचेचा अभ्यास झालेला आहे, तिची जात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सापडलेल्या मण्यांशी जुळते. म्हणजे ताई, तुमचे मणी गलबतातून आले नसतील, गलबतात चढायचे राहिले असतील.

शिलाहार_फॅन_ठाणे: आमच्या ठाण्याच्या शिलाहार राजांकडेच होतं एके काळी चौल, हेही लिहा मग.

भिंगवाला_कळवा: भिंग घ्या. फुटका मणी असला तरी विरघळवू देऊ नका, आजीची आठवण आहे.

नेरूळची_माई: मोडू नका हो, माझंही तेच सांगणं. माझ्या सासूबाईंची पोत एका दुकानदाराने तपासायला ठेवून घेतली आणि चार मणी कमी करून दिली. आणि एक, जमिनीतून निघालेल्या वस्तूला १८७८ चा निखात निधी कायदा लागतो, १० रुपयांवरची असेल तर कलेक्टरला कळवायचं असतं. १०० वर्षांहून जुन्या वस्तू बाहेर पाठवायला १९७२ चा कायदा आडवा येतो, तेव्हा परदेशी लॅबला पार्सल करायचं मनातही आणू नका. पुरातत्त्व विभागाला पत्र लिहा, विहीर कुठे, किती खोलीवर, कोणी काढले, सगळं. जागा माहीत नसलेला मणी म्हणजे नुसता मणी.

कोपरीचा_पक्या: सोनाराकडे एक्सआरएफ असतं बघा, कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो.

चौलची_नात: सगळ्यांचे आभार. भिंग घेत नाहीये, सोनाराकडेही जात नाही. रविवारी मामाला घेऊन चौलला जाते, विहीर बुजवलीय पण जागा त्याला ठाऊक आहे, खोली विचारून नकाशा काढते आणि पत्र देते. फक्त एका बाबतीत तुम्हा कुणाचंच ऐकणार नाही. ते फुटके तीन अभ्यासाला हवे असतील तर मी नाही म्हणणार नाही, विरघळले तरी चालतील. आजीने चाळीस वर्षं जपले पण ते कुठले हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि ती दरवेळी करंडा उघडून तेच विचारायची. पिवळा फुटका वेगळ्या डबीत कापसात ठेवलाय, शिशाचं म्हणालात म्हणून.