पॅनामिंट डेझी देवगडात तग धरेल का?

सड्यावरचा: कॅलिफोर्नियातली पॅनामिंट डेझी (एन्सेलिऑप्सिस कोव्हिलाय) कुंडीत लावायची आहे. घर देवगडच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर), दिवसभर ऊन. पावसाळ्यात पडवीत घेईन. माती कशी करू?

खडीवाला: उन्हाला ती भीत नाही. डेथ व्हॅलीच्या वाळवंटाशेजारच्या पॅनामिंट डोंगरांच्या पश्चिम उतारावर, खडकाळ जागीच ती येते. खरा वैरी आपला जुलै. पानं रुपेरी, दाट लवेची आणि बुंध्याशी गच्च. दमट हवेत लव ओलीच राहते आणि मधला कोंब सडतो. बाहेरची पानं ठणठणीत दिसतात, हात लावला की अख्खा गुच्छ हातात. नुसती पडवी पुरणार नाही. टेबलफॅन हवा, पाणी जवळपास बंद.

कुंडी मातीची, निदान 35 सेंमी खोल. सोटमूळ दुखावलं की रोप जातं, म्हणून बी थेट त्याच कुंडीत टाका. बारीक काळी खडी 3 भाग, नदीची धुतलेली जाड वाळू 2, माती 1. शेणखत नको. जांभ्याची माती आम्लधर्मी, तीही नको. समुद्राची वाळू तर नकोच, तिच्यात मीठ. वरून 2-3 सेंमी खडीचा थर द्या, म्हणजे बुंधा कोरडा राहतो.

पेरणी नोव्हेंबरअखेर, बी अर्धा सेंमी खोल. उगवेपर्यंत कुंडी परातीत ठेवून खालून पाणी. बीदलांनंतरची दोन खरी पानं आली की परात काढा, नाहीतर मर लागते, म्हणजे रोप बुडाशी कुजून कोलमडतं.

सड्यावरचा: आभारी आहे दादा. बी परदेशातून टपालाने मागवलं तर?

बियाणेताई: रानातून गोळा केलेलं घेऊ नका, मुळात जात दुर्मीळ. शिवाय 2003 च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाखाली आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी, म्हणजे बी कीड-रोगमुक्त असल्याचं, प्रमाणपत्र लागतं. नुसतं पाकीट मागवलं तर कस्टममध्ये अडकू शकतं.

आणि ही बहुवर्षायु आहे. पहिल्या हंगामात फुलाची आशा धरू नका. फुलंच हवी असतील तर दक्षिण आफ्रिकेच्या नामाक्वालँडची डायमॉर्फोथेका सिनुआटा लावा. तीही कोरड्या मुलखातलीच, पण वर्षायु. पाऊस पुरता थांबल्यावर पेरली तर पुढच्या पावसाआधी तिचं सगळं उरकतं. फूल उन्हातच उघडतं, ढगाळ दिवशी मिटलेलं दिसलं तर पाणी ओतत बसू नका.

खडीवाला: हे पटलं. दोन्हींना पश्चिमेकडून आडोसा करा, खारा वारा कोवळी पानं करपवतो.