हिमोग्लोबिन घसरलं म्हणजे आजार वाढलाच असं नाही

तुमच्या काकांना सीएलएल (रक्ताचा एक कॅन्सर) आहे आणि त्यांचं हिमोग्लोबिन पंधरवड्यात एकदम उतरलं, म्हणून तुमच्या प्रश्नावर वर कुणीतरी 'सीएलएल शेवटच्या टप्प्यात गेला' असं लिहिलंय. कृपया एवढ्यावरून तसं धरून चालू नका. सीएलएलच्या साधारण ५ ते १० टक्के रुग्णांत शरीर स्वतःच्याच रक्तपेशींवर उलटतं, म्हणजे त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करतं. बहुतेकदा तांबड्या पेशींवर, कधी प्लेटलेट्सवर, क्वचित दोन्हींवर. ही प्रतिपिंडं बऱ्याचदा कॅन्सरच्या पेशी नव्हे, तर उरलेल्या निरोगी बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) तयार करतात आणि प्रतिपिंडं चिकटलेल्या तांबड्या पेशी मुख्यतः प्लीहेत (स्प्लीन) नष्ट होतात. तांबड्या पेशी अशा नष्ट होताहेत का हे कळायला डोळे पिवळे दिसताहेत का, लघवी गडद होतेय का, ते बघा. डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट (तांबड्या पेशींना प्रतिपिंडं चिकटलीत का ते बघणारी), रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या तांबड्या पेशींची मोजणी), एलडीएच आणि बिलिरुबिन (पेशी फुटल्या की वाढणारे रक्तातले घटक) या तपासण्या झाल्यात का, हे हिमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) आजच विचारा. नुसती कूम्ब्स पॉझिटिव्ह आली म्हणून निदान पक्कं होत नाही. बाकीचे आकडेही जुळावे लागतात.

उपचार सहसा प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने सुरू होतो, पुरेसा उपयोग झाला नाही तर रिटुक्सिमॅब (बी-पेशी कमी करणारं औषध). सीएलएल शांत असेल तर त्यासाठी लगेच केमो लागेलच असं नाही.

रक्त चढवायचं ठरलं तर रक्तपेढीला आधी कळवा, क्रॉसमॅचला (जुळणारं रक्त शोधायला) वेळ लागतो. आणि स्टिरॉइड चालू असताना ताप आला तर सकाळपर्यंत थांबू नका.