नर्सिंगमधून डॉक्टरकीकडे: सिसिली सॉन्डर्स

रात्रपाळी:
वॉर्डात नर्स आहे, वय 34. डॉक्टरकी शिकायचं खूळ डोक्यातून जात नाही. ‘या वयात?’ ऐकून कान किटले. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या म्हणे. नर्सिंगला कंटाळल्या होत्या का?

जुनी_सिस्टर:
कंटाळा कसला, पाठीने दगा दिला! ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून 1940 साली, ऐन युद्धात, बाई लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या नाइटिंगेल स्कूलमध्ये नर्सिंग शिकायला दाखल झाल्या. पाठदुखीमुळे पुढे वॉर्ड सुटला, म्हणून रुग्णालयातच आल्मोनर झाल्या. आपल्या भाषेत मेडिकल सोशल वर्कर.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. संध्याकाळी त्या सेंट ल्यूक्स नावाच्या रुग्णालयात मरणपंथाला लागलेल्यांच्या सेवेला जायच्या, बिनपगारी. तिथे मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदना शमवणारं औषध, दर 4 तासांनी, दुखणं उसळायच्या आत देत. इतरत्र सवय लागेल या भीतीने पेशंट कळवळून मागेपर्यंत थांबायचे. दोन डोसांच्या मध्ये घड्याळाकडे टक लावून पडलेला पेशंट आपण पाहिलाय ना? बाईंनीही पाहिला, आणि वेळेवर डोस मिळाला की तोच माणूस गप्पा मारतो हेही पाहिलं. पण ऑर्डर लिहिणार डॉक्टर! सर्जन नॉर्मन बॅरेट (हो, ज्यांच्या नावाने अन्ननलिकेचा ‘बॅरेट्स इसोफॅगस’ हा विकार ओळखला जातो तेच) यांनीच सुचवलं, स्वतः डॉक्टर व्हा. 1951 मध्ये, तिशी उलटल्यावर, त्या पुन्हा वर्गात बसल्या. 1957 मध्ये डॉक्टर झाल्या.

चौकस:
म्हणजे नर्सिंगची वर्षं फुकटच गेली की.

जुनी_सिस्टर:
अहो, उलट! 1958 पासून लंडनमधल्या हॅकनीच्या सेंट जोसेफमध्ये, मरणासन्न रुग्णांच्या संस्थेत, त्यांनी तीच ठरल्या वेळी डोस द्यायची घड्याळी पद्धत लावली. पेशंटचं बोलणं टेपवर घ्यायच्या. हे ऐकायचं वळण वॉर्डातलंच. 1967 मध्ये त्यांनी स्वतःचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणपंथाला लागलेल्यांची काळजी घेणारं रुग्णालय, उघडलं.

डेव्हिड तास्माचं राहिलंच. बाई आल्मोनर असतानाचा त्यांचा पेशंट, पोलंडहून आलेला ज्यू वेटर, कॅन्सरने 1948 मध्ये गेला. बाईंच्या नावे 500 पौंड ठेवले आणि म्हणाला, तुमच्या घरातली खिडकी मी होईन. हॉस्पिस उभं राहायला 19 वर्षं लागली, पण त्याच्या नावाची खिडकी तिथे आहे.

रात्रपाळी:
ताई, त्यांच्याहून मला थोडा उशीर झालाच म्हणायचा. आज ड्युटी संपली की फिजिक्सचं पुस्तक शोधते. बारावीनंतर उघडलेलं नाही.