मदत हवी आहे : सर्वो जोडला की रोबोची डावी मोटर थांबते

नमस्कार मंडळी,

मी आठवीला विज्ञान शिकवते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वर्गातल्या दोघी मुली अडथळा चुकवणारी गाडी करताहेत. रोज शाळा सुटली की तासभर थांबतात, वायरी स्वतःच सोलतात, जोडतात. आता मात्र एका जागी गाडं अडलंय आणि मलाही उलगडा होत नाही.

आर्डुइनो उनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), एल२९८एन ड्रायव्हर (उनोच्या इशाऱ्यावर मोटरना वीज देणारं सर्किट) आणि दोन पिवळ्या बीओ मोटर (चाकांच्या, गिअर असलेल्या) आहेत. पुढे एसजी९० सर्वोवर (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर) एचसी-एसआर०४ अल्ट्रासोनिक सेन्सर बसवलाय, म्हणजे तो डावी-उजवीकडे मान वळवून अंतर मोजेल. ड्रायव्हरवर एनेबलच्या, म्हणजे वेग ठरवणाऱ्या, पिनांवरचे जंपर (जोडणीच्या टोप्या) काढून डाव्या मोटरची एनेबल वायर उनोच्या ९ नंबरच्या पिनला दिली, उजवीची ३ ला. दिशेच्या चार वायरी २, ४, ७, ८ वर, सर्वो ११ वर, सेन्सर ए० आणि ए१ वर. आधी चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी होती; मोटर सुरू झाली की उनो रीसेट व्हायचा, म्हणून १८६५० चे (लिथियमचे, चार्ज होणारे) दोन सेल घेतले. तो त्रास गेला. ग्राउंड सगळ्यांचा एकच आहे, दोनदा तपासला.

सर्वोचा कोड घालेपर्यंत गाडी छान पळत होती. आता कोडमध्ये अटॅचची (सर्वो पिनला जोडणारी) ओळ आली की डावं चाक थांबतं आणि गाडी जागीच गोल फिरते. ती ओळ कॉमेंट केली, म्हणजे चालण्यातून वगळली, की पुन्हा ठीक. त्यातही वेग २५५ (सर्वात जास्त) दिला तर दोन्ही चाकं फिरतात, १५० दिला की डावं बंद! दोन्ही मोटरच्या वायरी ड्रायव्हरवर अदलाबदल करून पाहिल्या, तर उजवं चाक थांबलं. म्हणजे मोटर चांगली आहे. ड्रायव्हर जळाला असं समजून नवा आणला, तरी तेच. मुलींनी खाऊचे पैसे साठवून घेतलेलं सामान आहे, आणखी काही उगाच विकत घ्यायला लावायचं नाही. चूक कुठे असेल?

उत्तर

नमस्कार मॅडम. काहीही विकत आणू नका, सामान सगळं चांगलं आहे. १५० आणि २५५ चा फरक तुम्ही लिहिलात, त्यातच उत्तर आहे.

मोटरचा वेग कमी करायचा तर उनो पिन भराभर चालू-बंद करतो. हे काम आतले टायमर करतात. ९ आणि १० नंबरच्या पिना टायमर १ वर चालतात आणि सर्वोची लायब्ररी (सर्वो चालवणारा तयार कोड) नेमका तोच टायमर ताब्यात घेते. सर्वो ११ वर असला तरी ९ आणि १० वरचा अ‍ॅनालॉगराइट (कोडमधली वेग ठरवणारी आज्ञा) निकामी होतो. २५५ म्हणजे पूर्ण चालू. त्याला टायमर लागतच नाही, म्हणून तिथे चाक फिरतं.

डाव्या मोटरची एनेबल वायर ५ वर घ्या आणि उजवीचीही ३ वरून ६ वर आणा. चालू-बंद होण्याची फ्रीक्वेन्सी (सेकंदाला किती वेळा) ३ वर साधारण ४९० हर्ट्झ मिळते, ५ आणि ६ वर ९८० च्या आसपास. दोन मोटरना वेगवेगळी फ्रीक्वेन्सी दिली तर त्याच १५० ला चाकं कमी-जास्त पळतील आणि गाडी एका बाजूला ओढेल. कोडमध्ये नंबर बदलायला विसरू नका.

मॅडम

आत्ताच करून पाहिलं. वायरी मुलींनीच हलवल्या. १५० वर दोन्ही चाकं फिरली, वर सेन्सरची मानही वळतेय! मनापासून आभार. हा टायमरचा भाग उद्या दोघींना फळ्यावर काढून दाखवते, परीक्षक विचारतीलच. गाडी अजून किंचित उजवीकडे जाते, तर डाव्या चाकाला १५० ऐवजी १४० देऊन बघतोय.